व्हॅलेंटाइनचे कुकी कप: कृती सोपी, १५ तारीख अवघड



व्हिडिओमध्ये आपण चॉकलेट गनाश भरलेले कुकी कप करून बघितले. दिसायला गोड, हातात धरायला सोपे, चमचा नको, प्लेट नको. घरी ओटीजी असेल तर कुणीही करू शकेल. पण व्हिडिओच्या वेळेत दोन गोष्टी नीट सांगायच्या राहिल्या. एक म्हणजे आज खुसखुशीत असलेला कप उद्या मऊ का पडतो. आणि दुसरी म्हणजे कप विकले जाऊनही हातात पैसे का उरत नाहीत. आज दोन्ही सविस्तर लिहिते. कागद-पेन घेऊन बसा, कारण आकडे येणार आहेत.

आधी माझा फजितीचा हिशोब सांगते. पहिल्या वर्षी मी उत्साहाने सहा-सहा कपांचे ४० बॉक्स करून ठेवले. ऑर्डर किती होत्या? नऊ! बाकीचे दुकानातून आपोआप जातील असं मनाशी धरलं होतं. एका बॉक्सला मला तेव्हा ९० रुपये खर्च आला होता आणि विकायचा भाव ठेवला होता १५० रुपये. कागदावर बॉक्समागे ६० रुपये नफा. १४ तारखेच्या रात्री मोजले तर २३ गेले होते, १७ शिल्लक. आले ३,४५० रुपये, गेले होते ३,६०० रुपये. म्हणजे दोन रात्री जागून वर १५० रुपये मी माझ्या खिशातून घातले! आणि १५ तारखेला सकाळी लाल रिबिनीचा बॉक्स कुणी अर्ध्या किमतीतही उचलत नाही, हे त्या दिवशी कळलं. बीबीएला ब्रेक-इव्हनचं गणित मी पाठ करून मार्क मिळवले होते, पण ते समजलं त्या सतरा बॉक्सकडे बघून.

दिवाळीचा फराळ भाऊबीजेनंतरही खपतो. केक तर वर्षभर खपतो. व्हॅलेंटाइनच्या मालाला मात्र एकच तारीख असते. म्हणून हा पदार्थ शिकताना "कसा करायचा" याआधी "कधी करायचा" हे शिका.

तारीख उलटी मोजा

पुणे जिल्ह्यातल्या मावळ तालुक्यात पॉलिहाऊसमध्ये गुलाब पिकवणारे शेतकरी आहेत. त्यांचा गुलाब व्हॅलेंटाइनसाठी परदेशात जातो. ते लोक फेब्रुवारीत जागे होत नाहीत. डिसेंबरमध्येच छाटणी करतात, म्हणजे जानेवारीच्या शेवटापासून फूल बरोबर तोडणीला येतं. आपल्यालाही तसंच, १४ तारखेवरून मागे मागे यायचंय.

१४ ला बॉक्स पोचवायचा, म्हणजे सजावट आणि पॅकिंग १३ च्या संध्याकाळी. कपात गनाश भरायचं १३ च्या दुपारी. कपाला आतून चॉकलेटचा हात १२ ला. कप भाजायचे १० आणि ११ ला. नवीन ऑर्डर बंद ११ च्या रात्री. १२ पासून कुणी कितीही गोड बोललं, "ताई, एकच बॉक्स हो", तरी कप शिल्लक असेल तरच हो म्हणायचं. माझ्या दुकानात दर वर्षी १२ तारखेला मिनी मफिन ट्रे मागायला लोक येतात. मी विकते, माझा धंदाच आहे तो, पण मनात वाईट वाटतं.

वारही आधीच बघून ठेवा. २०२५ ला १४ फेब्रुवारी शुक्रवारी होती, २०२६ ला शनिवारी, २०२७ ला रविवारी आहे. कामाच्या दिवशी ऑफिसात आणि कॉलेजच्या बाहेर माल जातो, एका ठिकाणी दहा बॉक्स एका फेरीत. रविवार असला की प्रत्येक बॉक्स वेगळ्या घरी, आणि तोही बऱ्याचदा घरच्यांच्या नकळत द्यायचा! हसू नका, डिलिव्हरीचं अर्धं काम "खाली गेटपाशी थांबा, बेल वाजवू नका" हेच असतं. आणि ७ तारखेपासून रोज डे, चॉकलेट डे वगैरे आठवडा चालतो. त्यातला फक्त ९ तारखेचा चॉकलेट डे पकडा, तोही दोन कपांच्या छोट्या बॉक्सने. चॉकलेट डेला घेतलेलं आवडलं तर तोच ग्राहक १४ चा मोठा बॉक्स बुक करतो. बाकीच्या दिवसांच्या नादी लागू नका.

कप

अंड्याशिवायचीच कृती देतेय. आपल्याकडे भेट देणाऱ्याला समोरचा अंडं खातो की नाही हे माहीत असेलच असं नाही, आणि त्याच्या आईला माहीत असायला तर नकोच. २४ छोट्या कपांसाठी:

मैदा २०० ग्रॅम, बटर ११५ ग्रॅम, पिठीसाखर ९० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर २० ग्रॅम, दूध साधारण २० मिली, व्हॅनिला अर्धा चमचा. नेहमीचं खारं बटर वापरत असाल तर वरून मीठ घालू नका.

बेकिंग पावडर नाही. विसरले नाहीये, मुद्दाम नाही. कुकी फुगायला हवी, कप फुगायला नको. कप फुगला की मधला खळगा भरून येतो आणि गनाश मावतच नाही. त्याच कारणासाठी बटर आणि साखर केकसारखी हलकी होईपर्यंत फेटायची नाही, एकजीव झाली की थांबायचं. मग मैदा, कॉर्नफ्लोअर. दूध शेवटी, चमच्या-चमच्याने, गोळा जेमतेम जमेल इतकंच.

आता वजनकाटा. प्रत्येक गोळी १८ ग्रॅमची. अंदाजाने घेतलीत तर एक १५ ची होते, एक २३ ची. पातळ कप करपतो, जाड कप मधून कच्चा राहतो, आणि बॉक्समध्ये सहा कप सहा भावंडांसारखे वेगवेगळ्या उंचीचे दिसतात. गोळी ट्रेच्या खाचेत ठेवून बोटाने तळाला आणि कडेने वर दाबत न्या. ट्रे वीस मिनिटं फ्रीजमध्ये. बटर घट्ट झालं की भाजताना कडा खाली घसरत नाहीत. मग आधी तापवलेल्या ओटीजीत १७० अंशांवर १३ ते १५ मिनिटं, कडा सोनेरी होईपर्यंत.

बाहेर काढल्या काढल्या मधला भाग थोडा वर आलेला दिसेल. घाबरू नका. लाटण्याची मूठ मैद्यात बुडवून हलक्या हाताने दाबा, खळगा परत होतो. हे गरम असतानाच करायचं, दोन मिनिटं उशीर केला तर तडा जातो. पुढची दहा मिनिटं कपाला ट्रेमध्येच राहू द्या. गरम कप उचलाल तर मोडेल, पूर्ण गार केलात तर चिकटून बसेल.

ट्रेबद्दल दुकानदार म्हणून एक सांगते, माझं नुकसान झालं तरी चालेल. २४ खाचांचा मोठा ट्रे घेण्याआधी ओटीजीचं आतलं माप टेपने मोजा. घरच्या लहान ओटीजीत तो बसत नाही आणि लोक परत करायला येतात. १२ खाचांचे दोन ट्रे घ्या. दोन का? एकच ट्रे असेल तर तो भाजा, गार करा, रिकामा करा, परत भरा, फ्रीजमध्ये ठेवा, या सगळ्यात ओटीजी नुसताच तापत बसतो. तासाला १८ कप निघाले तरी खूप. दोन ट्रे आलटून-पालटून फिरवले तर तासाला तीन खेपा, म्हणजे ३६ कप. पाच तासांत ९० आणि १८० हा फरक आहे, तोही एका जादा ट्रेच्या किमतीत. सिलिकॉनचे साचे या कामाला मला आवडत नाहीत, कडा फिकट राहतात. साधा ॲल्युमिनियमचा ट्रे बरा.

मऊ पडण्याचं कारण

कुकी खुसखुशीत असते कारण तिच्यात पाणी जवळपास उरलेलं नसतं. गनाशमध्ये क्रीम, क्रीममध्ये पाणी. दोन्ही एकमेकांना चिकटून ठेवले की पाणी ओल्याकडून कोरड्याकडे जाणारच, मिठाच्या बरणीला पावसाळ्यात ओल येते तसंच. यात तुमच्या भाजण्याची चूक नसते. जास्त भाजून हा प्रश्न सुटत नाही, नुसता कप कडू होतो.

उपाय आहे मध्ये भिंत घालायची. पाणी चरबीतून सहज जात नाही. म्हणून कप पूर्ण गार झाल्यावर आतून वितळलेल्या चॉकलेटचा पातळ हात द्यायचा. एका कपाला ४ ग्रॅम पुरतं. लहान ब्रशने तळ आणि कडा दोन्ही, एक ठिपका मोकळा राहिला तर पाणी तिथूनच शिरतं. इथे कंपाउंड चॉकलेट वापरा. त्यात कोको बटरऐवजी वनस्पती तेलाची चरबी असते, त्यामुळे टेंपरिंगची कटकट नाही, वितळवा आणि लावा. खऱ्या चॉकलेटची चव वरचढ असते, मान्य, पण ते टेंपर न करता लावलं तर पांढरट डाग पडतात. टेंपरिंग शिकून घ्या, मग वापरा, आणि भावही तसा लावा.

गनाशसाठी डार्क कंपाउंड दोन भाग, क्रीम एक भाग. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या अमूल फ्रेश क्रीममध्ये २५ टक्के फॅट असतं, म्हणजे बाकीचं बरंचसं पाणीच. केकवर ओतायला करतो तसं समसमान प्रमाण घेतलंत तर कपात ते कधी घट्ट बसणार नाही आणि स्कूटरवर बॉक्स कलला की झाकणाला लागेल. क्रीमच्या कडेला बुडबुडे आले की गॅस बंद, बारीक चिरलेल्या चॉकलेटवर ओता, दोन मिनिटं हात लावू नका, मग मधून कडेकडे ढवळा. तेल सुटल्यासारखं झालं तर एक चमचा कोमट दूध घालून परत ढवळा, बहुतेक वेळा सावरतं. कपाला १० ग्रॅम भरा.

लाल बदाम काढायचा असेल तर पांढऱ्या कंपाउंडमध्ये तेलात मिसळणारा रंग घाला. केकच्या क्रीमचा पाण्याचा जेल रंग घातलात की चॉकलेट क्षणात घट्ट गोळा होतं. या एका चुकीने किती चॉकलेट वाया जातं याची मोजदाद नाही.

दोनच चवी ठेवा. एक डार्क चॉकलेट. दुसरी मी गुलकंदाची करते: पांढरं कंपाउंड तीन भाग, क्रीम एक भाग, शंभर ग्रॅमला एक छोटा चमचा गुलकंद आणि वर पिस्त्याचे काप. गुलाब आहे, आपला आहे, आणि मोठ्या कंपनीच्या चॉकलेटमध्ये ही चव सहज मिळत नाही. गुलकंद जास्त झाला की पाक सुटतो, म्हणून हात आखडता.

आता साताऱ्याची मी, त्यामुळे स्ट्रॉबेरीचा प्रश्न येणारच. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी फेब्रुवारीत भरात असते, इथे सकाळी ताजी मिळते, मोह होतो. पण कापलेली स्ट्रॉबेरी तासाभरात पाणी सोडते आणि आपली चॉकलेटची भिंत आतून ओली, कड बाहेरून ओली. घालायचीच तर छोटी, अख्खी, धुऊन पूर्ण कोरडी केलेली, खालचा भाग चॉकलेटमध्ये बुडवलेली, आणि तीही १४ च्या सकाळीच. स्ट्रॉबेरी क्रश कपात ओतू नका, तो बहुतांशी साखरेचं पाणी आहे.

रिकामे कप हवाबंद डब्यात बाहेर आठ-दहा दिवस छान राहतात. भरलेले कप मात्र फ्रीजमध्ये, तेही हवाबंद डब्यात, आणि तीन दिवसांत संपवायचे. डबा फ्रीजमधून काढल्यावर लगेच उघडू नका, अर्धा तास तसाच ठेवा. गार कपाला बाहेरची हवा लागली की चॉकलेटवर दव पडतं. फेब्रुवारीच्या मध्यात आपल्याकडे दुपारी पारा ३० च्या वर जातो, म्हणून पोचवण्याची कामं सकाळी अकराच्या आत किंवा संध्याकाळी. कुरियरने पाठवायचा हा माल नाही.

पैसे कुठे जातात

भाव मी गोल आकड्यांत धरतेय, तुम्ही तुमच्या गावचे घाला. २४ कपांना: मैदा १०, बटर ६०० रुपये किलोने ६९, पिठीसाखर ५, कॉर्नफ्लोअर ३, दूध-व्हॅनिला ६. आतल्या हाताचं चॉकलेट १०० ग्रॅम, ४०० रुपये किलोने ४०. गनाशचं चॉकलेट १६० ग्रॅम ६४, क्रीम ८० ग्रॅम २२. सजावट २४. बेरीज २४३ रुपये, म्हणजे कपाला साधारण १० रुपये. मोडलेले, करपलेले, "बघू कसा झालाय" म्हणून घरात खाल्लेले धरून ११ रुपये.

इथेच बहुतेक जण थांबतात! ११ चा कप २० ला विकला, दुप्पट झाले म्हणून खूश. पण सहा कपांचा बॉक्स पूर्ण मांडा. कप ६६ रुपये. खिडकीचा बॉक्स, आतल्या कागदी वाट्या, रिबीन, स्टिकर मिळून ३३. वीज ६. आणि तुमचा वेळ. १६ बॉक्सना म्हणजे ९६ कपांना पीठ मळण्यापासून रिबीन बांधेपर्यंत आठ तास जातात. तासाला ८० रुपये मजुरी धरली तर ६४० रुपये, बॉक्सला ४०. एकूण १४५. सहा कप १२० ला विकलेत तर प्रत्येक बॉक्समागे २५ रुपये तुमच्या मजुरीतून गेले. "घरीच तर करते, माझी कसली मजुरी" हे वाक्य माझ्या क्लासमध्ये बंद आहे. उद्या ऑर्डर वाढल्या आणि मदतीला कुणी ठेवलं, तर तिला काय त्या वाक्यातून पगार देणार?

हाच बॉक्स मी २४० ला ठेवते, डिलिव्हरी वेगळी. बॉक्समागे ९५ रुपये उरतात. आता सुरुवातीचा खर्च बघा: दोन ट्रे ७००, स्टिकरची छपाई ३००, चाचणीची एक बॅच २५०, एकूण १,२५०. भागा ९५ ने. तेरा बॉक्सपर्यंत तुम्ही फक्त हा खर्च भरून काढताय. चौदाव्या बॉक्सपासून कमाई सुरू.

म्हणून माझा नियम साधा आहे. १५ बॉक्सचं ॲडव्हान्स हातात आल्याशिवाय बॉक्स आणि रिबिनीची घाऊक खरेदी नाही. ॲडव्हान्स निम्मा, यूपीआयवर, आणि ऑर्डर घेतानाच स्पष्ट सांगायचं की ११ नंतर रद्द केली तर परत मिळणार नाही. कडक वाटतं, पण १३ च्या रात्री ब्रेकअप झाला म्हणून ऑर्डर रद्द करणारा ग्राहक मला खरोखर भेटलाय. वाईट वाटलं त्याच्याबद्दल, पण कप तर भरून झाले होते.

२४० रुपये कॉलेजच्या मुलाला जड जातात, हे खरंय. त्याच्यासाठी भाव पाडू नका, बॉक्स लहान करा. दोन कप २२, छोटा बॉक्स १२, रिबीन-स्टिकर ६, वीज २, मजुरी १५, एकूण ५७. विका ९९ ला. उरतात ४२, आणि तिथे संख्या मोठी असते. आमच्या बॅचमधल्या एका ताईंनी मोठा बॉक्स ठेवलाच नाही, फक्त दोन कपांचा. त्यांच्या घरासमोर कॉलेज आहे, त्यांना तेच बरोबर होतं. तुमच्या घरासमोर काय आहे ते बघून ठरवा.

नोंदणीचं विसरू नका. घरून विकत असलात तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते, ती फॉस्कॉस पोर्टलवर होते आणि १४ अंकी क्रमांक मिळतो. स्टिकरवर तो क्रमांक, शाकाहारीचा हिरवा ठिपका, केल्याची तारीख, कधीपर्यंत खायचं, आणि गहू, दूध, पिस्ता आहे ही सूचना. अंडं वापरलंत तर हिरवा ठिपका चालत नाही. हे जानेवारीतच उरका, १० फेब्रुवारीला पोर्टल उघडून बसू नका.

आता ते १५ तारखेचं. कप १० आणि ११ ला भाजले, भरले मात्र पक्क्या ऑर्डरइतकेच, वर फार तर दोन-तीन बॉक्सचे. त्यामुळे उरलेच तर रिकामे कप उरतात. रिकाम्या कपावर कुठला सण लिहिलेला नसतो. हवाबंद पिशवीत फ्रीझरला टाका, महिनाभर राहतात. ८ मार्चला महिला दिन आहे, बँका, शाळा, पतसंस्था सगळीकडे कार्यक्रम असतात. रिबीन जांभळी, भरणं गुलकंदाचं, बॉक्स दोन कपांचा. गेल्या वर्षी माझे उरलेले ४२ कप असेच एका पतसंस्थेत गेले. त्या बॉक्सची पॅकिंग कशी केली ते पुढच्या व्हिडिओत दाखवते.